डोस वाढवण्याआधी : सव्वातीन वर्षांच्या एका मुलीचा दमा

सोबत आणलेल्या चिठ्ठीत मजकूर थोडाच होता. वय ३ वर्षे ४ महिने, वजन ११.८ किलो. ऑगस्टपासून ब्युडेसोनाइडचा पंप चालू, तरी दिवाळीनंतर दोनदा धाप लागली. डोस वाढवावा का, पुढील सल्ल्यासाठी पाठवत आहे.

चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांनी औषध बरोबर निवडलं होतं. ब्युडेसोनाइड म्हणजे श्वासनळ्यांची सूज कमी ठेवणारं, श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड. १०० मायक्रोग्रॅमचा एक दाब सकाळी, एक रात्री, म्हणजे दिवसाला २०० मायक्रोग्रॅम. पाच वर्षांखालच्या मुलाला सुरुवात करताना हाच डोस देतात. तरीही मूल पुन्हा पुन्हा आजारी पडत होतं. लहान मुलांच्या दम्यात ‘औषध लागू पडत नाही’ ही तक्रार मला सतत ऐकायला मिळते आणि बहुतेक वेळा औषध छातीत पोचलेलंच नसतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गाव कृष्णाकाठचं, ऊसपट्ट्यातलं. वडील साखर कारखान्यात पाळीवर कामाला, आई घरी, वडिलांची आई म्हणजे आजी घरातच, आणि मुलीच्या पाठचा दीड महिन्याचा भाऊ. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. कारखान्याचा हंगाम सुरू झालेला, शिवारात तोडणीनंतरचं पाचट पेटवायला लागलेले.

आली त्या रात्री

रक्तातला ऑक्सिजन ९१ टक्के, श्वास मिनिटाला ५२, नाडी १५८. दोन शब्दांपुढे बोलवत नव्हतं. पोट उडत होतं, बरगड्यांमधली जागा आणि गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. छातीत दोन्हीकडे सारखीच शिट्टी ऐकू येत होती. ताप नव्हता, नाक तीन दिवस गळत होतं.

या वयात ऑक्सिजन ९२ च्या खाली गेला की झटका तीव्र धरायचा. ऑक्सिजन लावला, नेब्युलायझरमधून श्वासनळ्या मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल २.५ मिलिग्रॅम दर २० मिनिटांनी तीन वेळा दिलं, त्यात त्याच कामाचं इप्राट्रोपियम मिसळलं आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड तोंडाने पाजलं. दुसऱ्या तासाला ती आईच्या मांडीवर टेकून पाणी प्यायली. पहाटे ऑक्सिजनशिवाय ९५ टक्के राहू लागलं.

सलाइन लावलं नाही, अँटिबायोटिक दिलं नाही, एक्स-रे काढला नाही. वडील अस्वस्थ होते. “मॅडम, सलाइन तरी लावा, पोरगी दमलीय,” असं दोनदा म्हणाले. ती तोंडाने पीत होती, उलटी नव्हती, ताप नव्हता, दोन्ही बाजूंना हवा सारखी जात होती. अशा मुलाच्या हाताला सुई टोचून त्याला रडवलं की श्वास आणखी लागतो. हे मी त्यांना समजावलं. त्यांना पटलं ते पहाटे, ती बिस्किट मागायला लागल्यावर.

निदान कशावरून

फाइल जाड होती. पहिला त्रास चौदाव्या महिन्यात, पावसाळ्यातल्या सर्दीसोबत. तिथून ऑगस्टपर्यंत प्रत्येक वेळी कागदावर ‘निमोनिया’ किंवा ‘छातीत कफ’, प्रत्येक वेळी अँटिबायोटिक, आणि पाच एक्स-रे. पाचही पाहिले. कुठेही निमोनियाचा डाग नाही, दोनांत फुप्फुसं हवेने फुगलेली. वर्षभरात दोन वेळा भरती आणि तोंडाने द्यायच्या स्टेरॉइडचे चार कोर्स.

पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला फुंकून करायची तपासणी नीट जमत नाही. ‘दमा आहे’ असं छापून देणारी रक्ताची चाचणीही नाही. त्यामुळे सगळा भर विचारपूस करण्यावर. सर्दी नसतानाही खोकला येतो का? आई म्हणाली, हसली की येतो, अंगणात पळाली की येतो, पहाटे तीन-चारला ढास लागते. सर्दी झाली की किती दिवस चालते? दोन-तीन आठवडे. पंप दिल्यावर शिट्टी थांबते का? थांबते. हे सगळं दम्याकडे बोट दाखवतं. शिवाय तान्हेपणी कोपराच्या आणि गुडघ्याच्या खाचेत खाज सुटून कातडी खरखरीत व्हायची, ती खूण अजून दिसत होती.

घरात कुणाला दमा आहे का, या प्रश्नाला पहिल्यांदा ‘नाही’ असं उत्तर आलं. दुसऱ्यांदाही तेच. आजी पाणी आणायला गेल्यावर वडील हळूच म्हणाले, “मला होता, बारा-तेरा वर्षांचा होईपर्यंत. घरात बोलत नाहीत.” मुलीच्या कागदावर दमा लिहिला तर पुढे लग्नाच्या वेळी अडचण येईल, ही भीती या भागात अजून पक्की आहे. त्या भीतीपायी निदान लांबतं, आणि लांबलेल्या निदानाची किंमत मूल मोजतं.

आई किंवा वडिलांना दमा आणि मुलाच्या अंगावर इसब, या दोन गोष्टींना फार वजन आहे. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात १९८० पासून मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करणारा मोठा अभ्यास झाला. तीन वर्षांच्या आत शिट्टी वाजलेल्या मुलांपैकी साधारण ६० टक्के मुलांची शिट्टी सहाव्या वर्षापर्यंत थांबली होती. कुणाची राहते याचे काही ठोकताळे त्याच अभ्यासातून पुढे आले, आणि त्यांतले हे दोन मुख्य आहेत. हे दोन्ही या मुलीत होते.

तरी दुसरं काही नाही ना, हे पाहणं सोडता येत नाही. या भागात मी पहिला प्रश्न शेंगदाण्याचा विचारते. खेळता खेळता ठसका लागला, मूल काळंनिळं झालं आणि तिथून खोकला सुरू झाला, असं कधी घडलंय का? श्वासनळीत अडकलेला दाण्याचा तुकडा महिनोन्‌महिने दम्याचं सोंग घेतो. त्यात शिट्टी बहुधा एका बाजूला जास्त असते. इथे तसं काही घडलं नव्हतं. घरात क्षयरोग नव्हता, दूध पिताना ठसका नव्हता, बोटांची टोकं फुगलेली नव्हती, दोन झटक्यांच्या मध्ये छाती स्वच्छ असायची.

वजन मात्र कमी होतं. त्याचं कारण छातीत नव्हतं. कुणाच्या तरी सांगण्यावरून महागडी ॲलर्जीची रक्ततपासणी झाली होती आणि तिच्यातल्या यादीवर बोट ठेवून केळं, दही, भात, शेंगदाणे, चिकू, अंडं सगळं बंद केलेलं होतं. सव्वातीन वर्षांची मुलगी आठ महिने चपाती, वरण आणि बिस्किटांवर होती. यातला एकही पदार्थ खाऊन तिला कधी पित्त उठलं नव्हतं, ओठ सुजले नव्हते की धाप लागली नव्हती. खाण्यातल्या ॲलर्जीने निव्वळ दमा उठणं फार क्वचित घडतं. कागदावर ‘पॉझिटिव्ह’ आलं म्हणून ताटातलं अन्न काढून घेणं हा लहान मुलावर अन्याय आहे. त्याच सकाळी वॉर्डात तिला केळं दिलं.

पंप दाखवा बरं

दुसऱ्या दिवशी दुपारी आजींना म्हटलं, “आजी, घरी पंप कसा देता, तो आत्ता मला करून दाखवा.” पंप आई देते असं आईने सांगितलं होतं. पण हात आजींचा सरावलेला दिसला, कारण बाळंतपणापासून हे काम त्याच करत होत्या.

त्यांनी पिशवीतून स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचा प्लास्टिकचा पोकळ डबा, काढला, पदराने आतून पुसला, पंप लावला आणि मुलीच्या ओठांत नळी धरून एकापाठोपाठ दोनदा दाबला. मुलीने नळीत फुंकर मारली. आजींनी स्पेसर लगेच काढून घेतला. “झालं बघा. रडती म्हणून मी निजल्यावरच देती.”

यात काय काय चुकलं ते सांगते, कारण घरोघर नेमकं हेच दिसतं. पंप हलवला नव्हता, त्यामुळे औषधाचं प्रमाण दर दाबाला वेगळं. मास्क नव्हता. तीन वर्षांचं मूल नळी तोंडात धरूनही श्वास नाकाने घेतं, म्हणून या वयाला नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्कच लागतो. दोन दाब एकदम दिले की औषधाचे कण स्पेसरमध्येच एकमेकांवर आपटून भिंतीला चिकटतात. कापडाने पुसल्यावर प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि तीही औषध ओढून घेते. आणि झोपेत दिलेला पंप निरुपयोगी ठरतो, कारण मास्क टेकवला की मूल मान फिरवतं किंवा जागं होऊन रडतं. रडताना औषध घशात बसतं, छातीत उतरत नाही.

मग पंपावरचा आकडा पाहिला. २०० मात्रांचा पंप, ऑगस्टच्या मध्याला घेतलेला. रोज दोन धरले तर नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वीस-पंचवीस उरायला हवे होते. १४३ उरले होते. म्हणजे तीन महिन्यांत ५७ दाब, त्यातलेही बरेच दोन-दोन एकदम, झोपेत, मास्कशिवाय. चिठ्ठीतल्या प्रश्नाचं उत्तर या आकड्यात होतं. जे औषध छातीत गेलंच नाही त्याचा डोस दुप्पट करून उपयोग काय?

पालकांना दोष देण्यासाठी हा आकडा वापरू नये. मी तो आजींच्या हातात दिला आणि विचारलं, “रोज द्यायला काय अडचण येते?” त्या मोकळेपणाने बोलल्या. “पोरगी बरी असली की देत न्हाई. खोकली की देती. पंप एकदा लागला की जन्मभर सुटत न्हाई म्हणत्यात. पोरीची जात हाय, मॅडम.”

या बोलण्यात दोन गोष्टी होत्या. पहिली समजुतीची. घरात दोन पंप होते, एक नळ्या मोकळ्या करणारा साल्ब्युटामॉलचा आणि एक नळ्यांची सूज कमी ठेवणारा ब्युडेसोनाइडचा. दुसऱ्याचा परिणाम रोज घेतल्यावर आठवड्यांनी दिसतो. खोकल्याच्या रात्री तो एकदा दिला तर त्या रात्री तरी काही होत नाही, आणि मग ‘या पंपाने गुण येत नाही’ असं घरात ठरून जातं. दोघांचं काम वेगळं हे त्यांना कुणी उलगडून सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट भीतीची, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. मी हिशेब कागदावर मांडला. ११.८ किलोच्या मुलीला तोंडाने स्टेरॉइड दिलं तर दिवसाला साधारण १२ मिलिग्रॅम, तीन दिवसांचे ३६ मिलिग्रॅम, म्हणजे ३६,००० मायक्रोग्रॅम, आणि ते रक्तातून सगळ्या अंगात फिरतं. पंपातून दिवसाला २०० मायक्रोग्रॅम. दोन औषधं वेगळी आहेत, त्यांची ताकद वेगळी, त्यामुळे ही तुलना काट्याची नाही. पण वजनावर पाहिलं तर एका छोट्या कोर्समध्ये पंपाचे सहा महिने बसतात, आणि तिने असे चार कोर्स वर्षात घेतले होते. पंप टाळून स्टेरॉइड टळत नव्हतं, उलट कितीतरी पटीने पोटात जात होतं.

उंचीबद्दल आईने विचारलं. तिला खरं तेच सांगितलं. अमेरिका आणि कॅनडात ५ ते १२ वर्षांच्या मुलांना चार ते सहा वर्षं रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड देऊन पाहिलं गेलं. ती मुलं मोठी झाल्यावर त्यांची सरासरी उंची औषध न घेतलेल्यांपेक्षा १.२ सेंटिमीटरने कमी भरली. तिचा डोस त्याच्या निम्मा आहे, आणि दर तीन महिन्यांनी आपण उंची मोजणार आहोत. सतत आजारी राहिल्याने, रात्री न झोपल्याने आणि ताटातलं अन्न काढून घेतल्यानेही मूल खुरटतं, हेही सांगितलं. आणि पंपाने दमा मुळापासून जात नाही, तो आटोक्यात राहतो, हेही लपवलं नाही. पालकांना अर्धवट सांगितलं की उरलेलं अर्धं गावात कुणीतरी चुकीचं सांगतं.

बाळंतिणीची खोली

दिवाळीनंतरच इतकं का बिघडलं, हा प्रश्न शिल्लक होता. फटाक्यांचा धूर, थंडी, पाचट, ही कारणं वडिलांनी लगेच सांगितली. ती खरीही आहेत. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने घरोघर वाजणाऱ्या फटाक्यांचा धूर मोजला होता, त्यात सगळ्यांत जास्त बारीक कण नागगोळीतून निघाले. पालक जिला निरुपद्रवी म्हणून सगळ्यांत लहान मुलाच्या हातात देतात तीच ही नागगोळी. पण दिवाळी चार दिवसांची. खोकला सप्टेंबरच्या अखेरीपासूनच वाढलेला होता.

सप्टेंबरच्या अखेरीला धाकटा जन्मला होता.

“रात्री ही कुठे झोपते?” “माझ्यापाशीच. आईला सोडत नाही.” म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत. खिडकीला चादर, दाराला पडदा, वारं लागू नये म्हणून. सकाळ-संध्याकाळ बाळाची आंघोळ झाली की शेगडीत निखारे, त्यावर ओवा, वावडिंग, लसणाची सालं आणि धूप. बाळाला शेक, आईला शेक, मग सगळ्या खोलीला धुरी. सव्वा महिना उलटला तरी थंडी पडली म्हणून चालूच होतं. रात्री त्याच बंद खोलीत डासांची कॉइल. एका कॉइलच्या धुरातले बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरल्याचं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत दिसलं आहे. या घरात कुणी विडीसुद्धा ओढत नव्हतं.

इथे डॉक्टर फटकन म्हणतात, “हे सगळं बंद करा, अंधश्रद्धा आहे.” मला ते मान्य नाही. आजींनी चार बाळंतपणं अशीच काढली होती. त्यांच्या शेकामागे बाळाला ऊब मिळावी, बाळंतिणीचं अंग मोकळं व्हावं, रोगराई खोलीत येऊ नये, हा हेतू आहे. हेतू जपून धूर वगळता येतो. ऊब हवी तर टोपडं, दोन पदरी लंगोट, आईच्या अंगाशी बाळ. मालिश आणि कढत पाण्याची आंघोळ चालू राहू दे. शेगडी अंगणात, आणि शेकायचं असेल तर गरम पाण्याची पिशवी. खिडकीवरची चादर दुपारी काढायची. कॉइलच्या जागी मच्छरदाणी. बंद खोलीतल्या निखाऱ्यांतून विषारी वायूही निघतो, आणि दीड महिन्याच्या बाळाची फुप्फुसं बहिणीपेक्षाही कोवळी असतात, हे ऐकल्यावर आजी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “शेगडी आजच भाईर काढती. पर मालिश मी सोडणार न्हाई.” मी म्हटलं, “सोडू नकाच.”

पाचटाचं काय? ते एका घराच्या हातात नाही. शेजारच्या शेतात पेटलं की मुलीला घेऊन दारं-खिडक्या लावून बसायचं, इतकंच तूर्त सांगता आलं. पाचट न जाळता सरीत कुजवणारे शेतकरी या पट्ट्यात आहेत. डॉक्टरांनी कारखान्याच्या शेतकी विभागाशी याबद्दल बोललं पाहिजे, असं मला वाटतं.

काय बदललं, काय तसंच ठेवलं

ब्युडेसोनाइडचा डोस एका मायक्रोग्रॅमनेही वाढवला नाही. दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शक सूचना देणारी ‘जिना’ ही संस्था १९९३ पासून काम करते. पुढच्या पायरीवर जाण्याआधी पंप घेण्याची पद्धत, नियमितपणा आणि आसपासचा धूर तपासा, असं तिच्या सूचनांतही आहे.

साल्ब्युटामॉलचं सरबत बंद केलं. तोंडाने ते उशिरा लागू होतं, हात थरथरतात, मूल किरकिर करतं. आठ महिने रोज चालू असलेली माँटेलुकास्ट या दम्यावर तोंडाने देतात त्या औषधाची पुडीही थांबवली. या औषधाने काही मुलांत झोप आणि वागणं बिघडतं, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. ही मुलगी रात्री दचकून रडत उठायची. पुढे ते कमी झालं. पुडी थांबल्यामुळे की खोकला थांबल्यामुळे, ते ठरवता येणार नाही.

घरी वाफेचं मशीन, म्हणजे नेब्युलायझर, विकत घेतलेलं होतं आणि आजींचा त्याच्यावर फार विश्वास. पण वीज रात्री जाते, आणि मुलगी मास्क ढकलते म्हणून तो तोंडापासून वीतभर लांब धरला जायचा. इतक्या अंतरावरून औषध हवेतच जातं. मास्क नीट बसवलेल्या स्पेसरमधून साल्ब्युटामॉल दिलं तर बहुतेक झटक्यांत मशीनइतकाच गुण येतो, वेळ कमी लागतो आणि वीज लागत नाही. मशीन कपाटात ठेवायचं ठरलं.

उरलेला सगळा वेळ शिकवण्यात गेला. पंप हलवायचा. मुलीला मांडीवर ताठ बसवायचं. मास्क नाकाच्या मुळापासून हनुवटीपर्यंत, फट न ठेवता. एकच दाब. मग स्पेसरची झडप हलताना पाहत पाच ते दहा श्वास. दुसरा दाब लागणार असेल तर पुन्हा हलवून, पुन्हा पहिल्यापासून. नंतर चूळ आणि ओल्या कपड्याने तोंड पुसणं. स्पेसर महिन्यातून एकदा भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच निथळत ठेवायचा, फडकं लावायचं नाही.

मुलगी मास्क बघितला की तोंड फिरवायची. दोन दिवस तो मास्क पंपाशिवाय नुसता खेळायला दिला. तिने तो आधी बाहुलीला लावला, मग आजीला, मग स्वतःला. आजींनी आकडे मोजायचे आणि तिने झडपेचं टकटक ऐकायचं, असा खेळ ठरला. तिसऱ्या दिवशी तीच मोजायला लागली. आकडे सहानंतर थेट नऊ असायचे, पण श्वास पुरेसे होत होते.

आजींना वाचता येत नाही. त्यामुळे घरी लावायचा तक्ता वडिलांनी रंगीत खडूंनी काढला. हिरव्या पट्ट्यात सूर्य आणि चंद्र, दोन्हींखाली एकेक ठिपका, म्हणजे ब्युडेसोनाइड सकाळी एक, रात्री एक, बरी असली तरी. पिवळ्या पट्ट्यात खोकणारं तोंड आणि साल्ब्युटामॉलचे दोन ठिपके. पूर्ण गुण नाही आला तर वीस मिनिटांनी पुन्हा दोन, त्यानंतर आणखी एकदा दोन. एका दिवसात हे पुन्हा पुन्हा लागायला लागलं तर दवाखाना. लाल पट्ट्यात उडणारं पोट. बोलता किंवा पिता येत नाही, ओठ निळसर, मूल सुस्त पडलंय, किंवा दोन दाबांनी काहीच फरक नाही, तर गाडी काढायची आणि वाटेतही दर वीस मिनिटांनी पंप देत राहायचा. दवाखाना चौदा किलोमीटरवर आहे, त्यामुळे गाडी कुणाची आणि रात्री फोन कुणाला, हेही तक्त्याखाली चित्राने दाखवलं.

पुढचं वर्ष

डिसेंबरअखेरीच्या तपासणीला मुलगी बरी होती, पण आकडा पुन्हा बोलला. रात्रीचे दाब पूर्ण, सकाळचे निम्मे. सकाळी आई बाळात गुंतलेली, वडील पाळीवर निघालेले, आणि आजी समजत होत्या की आई देते. तिथल्या तिथे ठरलं, दोन्ही वेळा आजीच देणार, आणि सकाळचा पंप झाल्याशिवाय आजींचा चहा नाही. जानेवारीत मोजलं तेव्हा एकही चुकला नव्हता. लहान मुलाच्या दम्यात औषध कोण देणार हे नावानिशी ठरलेलं असावं लागतं. ‘घरातले देतात’ या उत्तरावर मी आता थांबत नाही.

कसोटी लागली ती जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. दोघा भावंडांना सर्दी, मुलीला ताप, रात्री अकराला ढास सुरू. वडील रात्रपाळीला. आजींनी मास्क लावून दोन दाब दिले, वीस मिनिटांनी परत दोन, मुलगी झोपली. पहाटे एकदा लागले. सकाळी दाखवायला आणली तेव्हा ऑक्सिजन ९६, छातीत थोडी शिट्टी, आणि ती टेबलावरच्या स्टेथोस्कोपशी खेळत होती. भरती नाही, तोंडाने स्टेरॉइड नाही.

उन्हाळ्यात ती अंगणवाडीत जायला लागली. सेविकाताईंना आजींनीच पंप कसा द्यायचा ते दाखवलं. दुसरा स्पेसर परवडेल का, ही चिंता वडिलांना होती. अर्धा लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला पंपाच्या मापाचं भोक पाडून ती सांधली तर विकतच्या स्पेसरइतकीच चालते, हे केप टाऊनमधल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं आहे. तो अभ्यास मोठ्या मुलांवरचा. आमच्या मुलीला मास्क लागणार, म्हणून त्यांनी मास्कवाला दुसरा स्पेसर घेतला. पण मोठ्या मुलांच्या पालकांना बाटलीचा हा उपाय मी आवर्जून सांगते, विशेषतः घरी स्पेसर नाही आणि रात्र निभावायची आहे तेव्हा.

पावसाळ्याआधी तिला फ्लूची लस दिली. तीन महिने त्रास नव्हता, म्हणून मेमध्ये डोस कमी करता आला असता. मी तो केला नाही. जून-जुलैत सर्दीच्या साथी येतात, आणि तिचं पहिलं दुखणं पावसाळ्यातलंच होतं. सप्टेंबरपर्यंत दोनदा सर्दी झाली आणि दोन्ही वेळा पिवळ्या पट्ट्यातच भागलं.

यंदाच्या दिवाळीत घरात नागगोळी आली नाही. नोव्हेंबरच्या तपासणीत वजन १५.१ किलो, उंची वर्षात साडेसात सेंटिमीटरने वाढलेली. केळं, दही, भात, अंडं सगळं खाते. शेंगदाण्याची चटणी खाते, अख्खे दाणे मात्र पाच वर्षांची होईपर्यंत नकोत असं सांगितलं आहे, आणि त्याचा दम्याशी संबंध नाही, ते घशात अडकण्याच्या भीतीने. वर्षभरात एकदाही भरती नाही, अँटिबायोटिक एकदा, तेही कानासाठी.

डोस तोच चालू आहे. फेब्रुवारीच्या शेवटी, थंडी आणि पाचट दोन्ही ओसरल्यावर, दोनाऐवजी फक्त रात्रीचा एक दाब ठेवून तीन महिने पाहायचं ठरलं आहे. त्या काळात पहाटेची ढास परत आली किंवा पळताना खोकला लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता आठवड्याच्या आत यायचं. तक्त्यावरचा हिरवा पट्टा तेव्हा नव्याने काढावा लागेल. वडिलांनी खडू जपून ठेवले आहेत.